चौदा आठवड्यांचं फुप्फुस

मॅडमनी मला आत बोलावलं ते खूश होऊन. एरवी त्या काचपट्ट्या तपासायला बसल्या की दार लोटलेलं असतं आणि आतून फक्त पट्टी सरकवल्याचा बारीक आवाज येतो. त्या मंगळवारी त्यांनी दारातून मान बाहेर काढली आणि म्हणाल्या, "हातातलं ठेवा आणि इकडे या. असं काही पुन्हा बघायला मिळणार नाही." त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बसायच्या दोन जागा आहेत, एक त्यांची आणि एक शिकणाऱ्याची. बावीस वर्षांत त्या दुसऱ्या जागेवर मी फार तर पाचसहा वेळा बसले असेन. माझं काम बाहेरचं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात घालून त्याचा ठोकळा करायचा, ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काप कोमट पाण्यावर सोडून काचेवर अलगद उचलायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचे. त्यात काय दिसतं ते त्यांनी सांगायचं. मी बसले आणि डोळे लावायच्या आधी सवयीने पट्टीच्या कडेचा नंबर वाचला. चार हजार एकशे सतरा. तो माझ्या नवऱ्याचा नंबर होता.

"फुप्फुसातली गाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "माणूस बावन्न वर्षांचा. आणि दिसतंय काय बघा. पोटातल्या बाळाचं फुप्फुस. चौदा आठवड्यांचं असेल." त्यांनी पट्टी किंचित हलवली. लहान लहान नळ्या, त्यांच्या पेशींत तळाशी पांढरी पोकळ जागा, आणि नळ्यांच्या भोवती विरविरीत, अजून काहीच न ठरलेलं मांस. "यात दोन जाती एकत्र असतात, नळ्यांची एक आणि भोवतालच्या मांसाची एक. दोन्ही कॅन्सरच, आणि दोन्ही जन्माच्या आधीचं रूप घेऊन बसलेल्या. पुस्तकात चित्र बघितलं होतं मी. एवढ्या वर्षांत हातात पहिलीच आली." मी विचारलं, "म्हणजे वाईटच ना?" तर म्हणाल्या, "वाईटच हो. पण काय सुरेख आहे." मी मान हलवली. सुरेख होतंच ते. मी उठले, बाहेर आले, हात धुतले आणि पुन्हा धुतले.

मॅडमना कळलं नाही यात त्यांचा दोष नाही. त्या नावं वाचत नाहीत, नंबर वाचतात, आणि मुद्दामच तसं करतात. अर्जावरच्या नावात माझं आडनाव होतं, पण त्या आडनावाची माणसं काय कमी आहेत का? मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आमच्या खोलीतला नियम आडवा आला असता. नियम कुठे लिहिलेला नाही. आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही, एवढाच आहे. माझ्या आधी जे मुख्य होते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तो सांगितला होता, आणि कारण विचारल्यावर म्हणाले होते, "हात ऐकत नाही." त्यांनी कुणाचा कापला होता ते मी विचारलं नाही. मग माझ्या नवऱ्याचा कापणार कोण? आमच्याकडे दुसरा एकच आहे. त्याला सगळे सुसाट म्हणतात. तासाला चाळीस ठोकळे उडवतो, कानात गाणी, तोंडात गोळी, आणि पाण्याकडे लक्ष शून्य. त्याच्या हातात मी माझी चप्पलसुद्धा शिवायला दिली नसती. म्हणून सोमवारी सकाळी तो यायच्या आधी मी तो ठोकळा माझ्या ट्रेमधे सरकवला आणि मधेच कधीतरी कापून टाकला. यादीत त्याची जागा खालची होती. प्रत्यक्षात तो कशाच्या नंतर कापला गेला हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि तेच मला आता आठवत नव्हतं.

मी संशयी आहे हे मी लपवत नाही. गॅस बंद केलाय ना हे बघायला जिन्यावरून परत येणारी बाई मी. नवरा म्हणतो, तू बायको नाहीस, चौकशी समिती आहेस. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांना वर चढवायची सोय करणारा माणूस पंधरा पायऱ्यांत थांबायला लागला तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं होतं, मला आलं नाही. मग खोकला, मग रुमालावर एक गुलाबी डाग, तोही त्याने लपवला आणि धुवायच्या कपड्यांत मला सापडला. फोटोत डाव्या फुप्फुसात लिंबाएवढी सावली निघाली. जुना क्षय असेल, जंतू असेल, काहीही असेल, असं सगळे डॉक्टर म्हणत होते. मग बाहेरून सुई घालून दोन धाग्यांएवढं मांस काढलं, आणि ते बाटलीत घालून माझ्याच खोलीत आलं.

त्या मंगळवारी दुपारी मेण वितळायची वाट बघत बसले असताना माझ्या मनात पाल चुकचुकली. सोमवारी माझ्या ट्रेमधे एक छोटं पोटातलं बाळ होतं. चौदा आठवड्यांचं, आपोआप पडलेलं. आईबापांना कारण हवं होतं, म्हणून त्याच्या प्रत्येक अवयवाचा ठोकळा केला होता, आणि त्यात फुप्फुसांचाही होता, दोन मुगाच्या दाण्यांएवढी फुप्फुसं. आमच्या कामात एक चूक असते. काप पाण्यावर तरंगत असतो, तो उचलला की पाण्यावर कधी कधी एखादा कण मागे राहतो. दर ठोकळ्यानंतर मऊ कागदाची पट्टी पाण्यावरून फिरवून तो टिपून घ्यायचा असतो. नाही टिपला तर पुढच्या माणसाच्या काचेवर तो जाऊन बसतो, आणि एका माणसाचा आजार दुसऱ्याच्या नावावर लागतो. आमच्या खोलीत त्या कणाला पाहुणा म्हणतात. बावीस वर्षांत माझ्या पाण्यावर पाहुणा आला नव्हता. सुसाटच्या पाण्यावर महिन्याला एक तरी यायचा आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापायचे. आता मी आठवायला लागले, की बाळाचं फुप्फुस कापल्यावर मी कागद फिरवला होता का? मला कागद दिसत होता, हात दिसत होता, पण तो हात शनिवारचा असू शकत होता किंवा गेल्या वर्षीचा. एकच गोष्ट हजारो वेळा केली की तिची आठवण राहत नाही, नुसती खात्री राहते. नवऱ्याचा ठोकळा कापायच्या यंत्रात मला दोनदा काढून पुन्हा बसवावा लागला होता हे मात्र पक्कं आठवत होतं. आणि मॅडमनी दाखवलेलं ते बाळाचं मांस धाग्याच्या अगदी टोकाला, थोडं सुटं पडलेलं होतं. बाकीचा धागा साधा, सुजलेला. मी मनात म्हटलं, माझी चूक असू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी चूक मागितली.

घरी गेल्यावर त्याने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. पण मी त्याला आजार आधी सांगितला नाही, माझी चूक आधी सांगितली. नियम मोडून तुझा ठोकळा मी कापला, पाणी बहुतेक टिपलं नाही, आणि त्यात एका पडलेल्या बाळाच्या फुप्फुसाचा कण आला, म्हणून मॅडमना भलतंच काहीतरी दिसलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे बावन्नाव्या वर्षी मला दिवस गेलेत असं त्यांना वाटतंय?" मी हसले नाही. तो म्हणाला, "अगं, मग हे तर बरंच झालं. तुझी नोकरी जाईल तेवढी. मी आहे ना, बसवून खायला घालीन." आणि उठून शीळ घालत खिडकीचं बिजागर दुरुस्त करायला लागला, जे गेले आठ महिने करकरत होतं. त्या रात्री तो चक्क दोनदा वाढून घेऊन जेवला आणि मलाही जबरदस्तीने वाढलं. मुलगी वसतिगृहात होती, तिला फोनवर म्हणाला, काही नाही गं, तुझ्या आईने घोळ घातलाय. मी हे सगळं बघत होते. मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, तो अंघोळीला गेला असताना, मी त्याच्या कामाच्या कपड्यांचे खिसे तपासले.

कारण मॅडमना मी मंगळवारीच विचारलं होतं, हे येतं कुठून? त्या म्हणाल्या होत्या, नक्की कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं, फुप्फुस घडत असतानाची एखादी पेशी तशीच मागे राहते. कुणी म्हणतं, मोठी झालेली पेशीच उलटी फिरते आणि पुन्हा लहान होते. बहुतेक रोगी सिगारेट ओढणारे निघतात, एवढं मात्र दिसतं. नवऱ्याने सिगारेट सोडली त्याला अकरा वर्षं झाली. म्हणजे मला दिसेल अशी सोडली. खिशात मापाची टेप होती, दोन स्क्रू, आणि एक काडेपेटी. मी ती हलवून बघितली, अर्धी भरलेली. तो बाहेर आल्यावर मी ती त्याच्यापुढे धरली. "तारेवरचं प्लास्टिक तापवायला लागते," तो म्हणाला. मी म्हटलं, "अकरा वर्षं?" "लिफ्टला तारा असतात अकरा वर्षं," तो म्हणाला. मी ते खरंही मानलं नाही आणि खोटंही मानलं नाही, काडेपेटी परत खिशात ठेवली. बसमधे उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी एकीकडे त्याला ती गाठ नाहीच असं धरून चालले होते आणि दुसरीकडे ती कुणामुळे आली ते शोधत होते. लिफ्टच्या विहिरीतली धूळ, ब्रेकच्या पट्ट्यांची काळी पूड, लग्नानंतरची पहिली खोली जिथे खालच्या मजल्यावर रंगाचं दुकान होतं. ती खोली मीच निवडली होती, भाडं कमी म्हणून. सगळ्यांना मी एकेक करून समोर बसवलं आणि कुणीच कबूल झालं नाही.

मॅडमना सांगायचं मी बुधवारी टाळलं, गुरुवारीही टाळलं. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. विचारलं की उत्तर आलं असतं. न विचारता माझी चूक अजून शाबूत होती. त्या दोन दिवसांत मी मॅडमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. त्यांनी पट्टीचे फोटो काढून दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीला पाठवले, फोनवर "अगं तू बघच" म्हणाल्या. मला वाटलं, हिला ही गाठ हवी आहे. हिला लेख लिहायचाय, परिषदेत दाखवायचंय, म्हणून पाहुण्याला घरचा मानून बसली आहे. ज्या बाईने बावीस वर्षांत एकदाही घाईने सही केली नाही तिच्याबद्दल मी हा विचार करत होते, आणि करताना मला बरं वाटत होतं. सुसाटवरही मी संशय घेतला. सोमवारी माझ्या मागून तोच पाण्यापाशी आला होता, त्याने काही ढवळलं असेल. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "तुझं काम कर."

शुक्रवारी मॅडम अहवालावर सही करायला बसल्या. सही झाली की तो सर्जनकडे जाणार आणि पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या छातीचा डावा भाग उघडून फुप्फुसाचा खालचा कप्पा काढून टाकणार. पाहुण्यापायी निम्मं फुप्फुस. मी आत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. नंबर कुणाचा, कापला कुणी, आधी काय कापलं असेल, पाण्याचं काय झालं असेल. मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मंगळवारीच का नाही बोललात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही खूश होतात." त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, दोन्ही खरं आहे. "टोकाला सुटं पडलेलं दिसलं तेव्हा मलाही पाहुण्याची शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण पट्टीवर नंबराखाली, कापणाऱ्याची म्हणून, तुमच्या हातची खूण होती. म्हणून मी ती शंका सोडून दिली." म्हणजे माझ्या चांगल्या कामानेच माझ्या नवऱ्याचा गळा धरला होता.

ठरलं ते असं. ठोकळा पुन्हा कापायचा, नव्या पात्याने, नव्या पाण्यावर, त्या दिवशी दुसरं काहीही न कापता. पाहुणा असेल तर तो पहिल्याच काचेवर राहिला, आता दिसणार नाही. ठोकळ्यात मांस फार उरलं नव्हतं. सुईच्या धाग्यात असतं किती? ठोकळा यंत्रात जरा तिरका बसला तर चार फिरक्यांत सगळं वाया जाणार, आणि मग पुन्हा सुई. मी म्हटलं, मी कापते. मॅडम म्हणाल्या, "नाही. तो कापेल." आणि सुसाटला हाक मारली.

त्याने आधी कानातली गाणी काढली. पाणी ओतून भांडं घासलं, पुसलं, पुन्हा घासलं, नवीन पाणी भरलं, त्यावरून तीन वेळा कागद फिरवला, आणि तिन्ही कागद उजेडात धरून बघितले. मला म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर थांबा." मी म्हटलं, "मी इथेच थांबणार." "मग माझ्या हाताकडे बघू नका. पाण्याकडे बघा." मी पाण्याकडे बघत राहिले. यंत्राची मूठ इतकी हळू फिरत होती की मला वाटलं, बंदच पडलंय. सात वर्षं मी या मुलाला घिसाडघाई करू नको म्हणून ओरडत होते, आणि त्याला हे येत होतं. मेणाची पातळ फीत पाण्यावर आली, पसरली, तिच्यात मधोमध दोन फिकट रेघा. चार पट्ट्या निघाल्या. त्याने एकही काप वाया घालवला नाही. मला त्याचे हात धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी मनात आलं, याने पाण्यात मागचं काही ठेवलं तर नसेल? स्वच्छ पाणी डोळ्यांसमोर होतं तरी आलं. पट्ट्या रंगवून होईपर्यंत दीड तास गेला. तो दीड तास मी कपाट आवरलं.

मॅडमनी मला दुसऱ्या जागेवर बसायची खूण केली. पहिल्या पट्टीवर ते होतं. दुसरीवर होतं. तिसरीवर नुसतं टोकाला नव्हतं, धाग्याच्या मध्यापर्यंत आलेलं होतं, आणि सुटं तर अजिबात नव्हतं, नवऱ्याच्या नेहमीच्या, थकलेल्या, काळी धूळ बसलेल्या फुप्फुसाला चिकटून होतं. चौथीवर तर जवळपास तेच होतं. इवल्या नळ्या, तळाशी पांढऱ्या पोकळ जागा, भोवती ते न ठरलेलं मांस. कुठल्याशा बाळाचं नाही. त्याचंच. बावन्न वर्षांच्या माणसात कुणीतरी पुन्हा सुरुवातीपासून फुप्फुस करायला बसलं होतं आणि त्याला थांबायचं कधी ते माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं पाणी स्वच्छ होतं." बिचारीने समजूत घालायला म्हटलं असेल. मी विचारलं, "वागतं कसं हे?" त्या म्हणाल्या, "जगातच इतक्या थोड्या लोकांत सापडलंय की कुणी छातीठोक सांगू शकत नाही. अख्खं निघालं तर काही जण कित्येक वर्षं नीट राहतात. बऱ्याच जणांत ते वर्षाच्या आत परत येतं, कधी मेंदूत जातं. याचं एका जागी दिसतंय. मी स्वतः सर्जनशी बोलते." मग त्यांनी अहवालावर सही केली. या वेळी नाव वाचून.

घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दार त्यानेच उघडलं. तो चार दिवस रजेवर होता आणि चार दिवसांत त्याने घरातली प्रत्येक करकरणारी वस्तू गप्प केली होती. आत शीळ चालू होती, मला बघून थांबली. बसमधे मी वाक्यं तयार केली होती, आधी हे सांगायचं, मग ते. दारात मला फक्त एवढंच बोलता आलं, "माझी चूक नव्हती."

त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, खुंटीला लावली. "माहीत होतं मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून. गॅस बघायला दोन मजले परत चढणारी बाई पाणी पुसायला विसरेल? तेही माझा तुकडा कापताना?"

माझं डोकं फिरलं. चार दिवस मी त्याचे खिसे उलटे करत होते, मॅडमला, सुसाटला, रंगाच्या दुकानाला धारेवर धरत होते, आणि हा एकटा सगळं गिळून माझ्यासमोर शीळ घालत हिंडत होता. मी ओरडलेच त्याच्यावर. म्हटलं, "मग चार दिवस ही नाटकं कशाला केलीस? दोनदा वाढून घेत होतास, पोरीला फोन करत होतास, कशाला?"

तो खुर्चीवर बसला. एवढंसं दार उघडायला आल्याने त्याला दम लागला होता, तो त्याने आता लपवला नाही. श्वास जागेवर येईपर्यंत मला थांबावं लागलं.

"तू जेवत नव्हतीस," तो म्हणाला.